गांडुळाची जात आधी ओळखा, डबा नंतर भरा

रोपवाटिकेत गांडुळे मागितली की समोरून बहुधा एकच उत्तर येते: ‘लाल आहेत, चालतील.’ पिशवीवर जात लिहिलेली नसते, आणि लिहिलेली असली तरी आत तीच निघेल याची खात्री नाही. गोव्यातल्या घरगुती गांडूळखताच्या डब्यात टिकणाऱ्या आणि सहज मिळणाऱ्या जाती मोजून तीन: आयसेनिया, पेरिओनिक्स आणि युड्रिलस. तिन्ही तांबूस-जांभळ्या, तिन्ही शेणात आणि भाजीच्या सालींत वाढणाऱ्या. पण एकीला एप्रिलची गरमी सोसत नाही, दुसरीला पावसाची चाहूल लागली की डब्याबाहेर पडायची घाई होते आणि तिसरीला सारखी ढवळाढवळ खपत नाही. जात ठाऊक नसली की डबा रिकामा होतो आणि दोष हवेला नाहीतर शेणाला दिला जातो.

त्याआधी फुकटच्या गांडुळांविषयी. मिरगाचा पाऊस लागला की अंगणात, रस्त्यावर, न्हाणीच्या दारात गांडुळे वळवळताना दिसतात. ती गोळा करून डब्यात सोडायची हौस पुष्कळांना होते. त्यातली बहुतेक आठवड्याभरात मरतात किंवा पळतात, कारण ती मातीत राहणारी असतात. मार्सेल बूशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये गांडुळांचे राहणीवरून तीन गट पाडले आणि घरगुती खतासाठी तेवढे वर्गीकरण पुरेसे आहे. पहिला गट पृष्ठभागावरच्या पालापाचोळ्यात आणि शेणात राहतो, तो कुजणारा पदार्थ खातो आणि मातीत बिळे करत नाही. दुसरा उभी खोल बिळे करतो, रात्री वर येऊन पाने ओढून नेतो. तिसरा मातीच्या पोटात राहून मातीच खातो. डब्यात माती नसते, म्हणून तिथे पहिल्या गटाशिवाय कोणाचे भागत नाही.

गोव्याच्या जांभ्या मातीत केळीचे किंवा माडाचे आळे खणताना जे फिकट गुलाबी गांडूळ सर्रास निघते, ते बहुतेक वेळा पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण पश्चिम घाटातल्या मळ्यांत आता घरचे झालेले. अंगाला जांभळा रंग जवळजवळ नाही, तोंडाकडचा भाग गुलाबी, मागचा भाग पोटातल्या मातीमुळे करडा दिसतो. खात्रीची खूण शेपटीला: शेपटीकडून पुढे बोट फिरवले तर खरखरीत लागते, कारण तिथले रोम, म्हणजे अंगावरचे बारीक ताठ केस, मोठे असतात आणि तिरप्या रांगांत, एकाआड एक बसवलेले असतात. हे गांडूळ डब्यासाठी अगदी निरुपयोगी. शाळा-कॉलेजच्या प्राणिशास्त्रात ‘फेरेटिमा’ म्हणून शिकवतात ते, आता ज्याला मेटाफायर पोस्थुमा म्हणतात, तेही मातीतलेच: राखाडी-तपकिरी, आणि मानेजवळचा पट्टा बरोबर तीन वलयांचा, चौदाव्यापासून सोळाव्यापर्यंत.

लॅम्पिटो मॉरिटी ही भारतीय जात मधली म्हणायची. चेन्नईचे सुलतान अहमद इस्माईल यांनी ती पेरिओनिक्सच्या जोडीने वापरायचा पुरस्कार केला, पण त्यांच्या पद्धतीत खाली मातीचा जाड थर असतो. फ्लॅटच्या बाल्कनीतल्या उथळ क्रेटमध्ये तिचे काही खरे नाही. परसात विटांचा हौद बांधणार असाल तर विचार करावा.

बघायचे कसे

लहान पिल्लावरून जात ओळखायच्या फंदात पडू नये. पट्टा आलेले, म्हणजे वयात आलेले गांडूळच घ्यावे. पट्टा म्हणजे तोंडाच्या बाजूला दिसणारा जाड, गुळगुळीत, किंचित वेगळ्या रंगाचा भाग. पुस्तकी भाषेत मेखला. यातूनच पुढे अंड्यांचा कोष तयार होतो. मेखला दिसत नसेल तर त्या गांडुळावर वेळ घालवू नका, दुसरे शोधा.

पाच-सहा मोठी गांडुळे विहिरीच्या पाण्यात हलकेच धुवा. नळाचे पाणी असेल तर रात्रभर उघडे ठेवून मग वापरा, क्लोरिन त्यांच्या कातडीला झोंबते. पांढऱ्या ताटलीत थोडा ओलावा ठेवून एक गांडूळ सोडा आणि ते ताणून चालू लागेपर्यंत थांबा. आखडलेल्या गांडुळाची वलये मोजता येत नाहीत. ताणले की मोबाइल अगदी वरून धरून दोन-तीन फोटो काढा, एक पाठीचा आणि जमल्यास एक पोटाचा. मोजणी फोटो मोठा करून करायची, जिवंत गांडुळावर नाही. तोंडाच्या पुढे एक छोटा ओठ असतो, तो धरायचा नाही. तोंड ज्या वलयात आहे ते पहिले. तिथून मेखला सुरू होते त्या वलयापर्यंत मोजा.

आकडा २४ ते २६ च्या आसपास आला तर गांडूळ आयसेनिया आहे. १३-१४ आला तर ते युड्रिलस किंवा पेरिओनिक्स. एवढ्या एका मोजणीने निम्मे काम होते. मोजायचा कंटाळा असेल तर नजरेने: आयसेनियाची मेखला अंगाच्या सुमारे पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर, डोक्यापासून चांगली लांब दिसते. उरलेल्या दोघींची डोक्याला अगदी लागून. रंगावर मात्र कधीच भिस्त ठेवू नका. काजूच्या बोंडांवर वाढलेले आणि शेणावर वाढलेले एकाच जातीचे गांडूळ रंगाने वेगळे दिसू शकते, आणि भुकेले गांडूळ नेहमीच फिकट पडते.

तीन कामाच्या जाती

आयसेनिया फेटिडा सगळ्यात प्रसिद्ध. लांबी साधारण ६ ते १२ सेंटिमीटर, जाडी ३ ते ५ मिलिमीटर. पाठीवर तांबडे-तपकिरी पट्टे आणि दोन वलयांच्या मधल्या खाचेत फिकट पिवळसर रेषा, त्यामुळे ताणल्यावर अंग पट्टेरी दिसते. शेपटीचे टोक पिवळट. चिडवले, चिमटीत धरले की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते. मेखला खोगिरासारखी, म्हणजे पाठीवर आणि बाजूंना. पोटाच्या बाजूला ती पूर्ण वळसा घेत नाही. तिची सख्खी बहीण आयसेनिया अँड्री, जिच्यात पट्टे नसतात, सगळे अंग एकसारखे लाल. दोघींचे संगोपन सारखेच, म्हणून घरात त्यांना वेगळे काढायची गरज नाही. एका कोषातून दोन ते चार पिल्ले निघतात, कोष उबायला साधारण तीन आठवडे आणि पिल्लू वयात यायला सहा ते आठ आठवडे लागतात.

हिचा स्वभाव गरीब. हाताळणी सोसते, अन्नातला फरक सोसते, थंडी तर फारच सोसते. म्हणून थंड देशांतल्या सगळ्या सूचना हिच्याभोवती लिहिल्या गेल्या आणि त्या तशाच इकडे आल्या. तिला आवडते १५ ते २५ अंश. ३० च्या वर ती खाणे कमी करते, कोष घालणे थांबवते, आणि ३५ च्या आसपास मरते. गोव्यात एप्रिल-मे महिन्यात सावलीतले कमाल तापमान ३३-३४ पर्यंत जाते. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या बाल्कनीतला डबा त्याच्याही वर. म्हणून आयसेनिया गोव्यात वाढत नाही असे नव्हे, पण ती तळमजल्यावरच्या, जाड भिंतींच्या, माडांच्या सावलीतल्या घराची जात आहे. वास्कोच्या चौथ्या मजल्यावर पश्चिमेला तोंड करून ठेवलेल्या डब्यात तिला घालणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे.

युड्रिलस युजेनी पश्चिम आफ्रिकेतून आलेली, इकडे ‘आफ्रिकन’ याच नावाने विकली जाते. अंगाने ती सगळ्यात भरली: पूर्ण वाढलेले गांडूळ १५ ते २५ सेंटिमीटर लांब, ५ ते ८ मिलिमीटर जाड. पाठ जांभळट-करडी आणि उजेडात पुढच्या भागावर निळसर झाक, पोट फिकट. मेखला १४ ते १८ च्या दरम्यान. शेपूट शेवटाकडे एकसारखी निमुळती होत जाते, हे नीट बघा, कारण लांबीवरून फसगत होते पण शेपटीवरून होत नाही. दहापटीच्या भिंगाखाली प्रत्येक वलयावर आठच रोम, चार जोड्यांत दिसतात. हालचाल सावकाश आणि दमदार.

युड्रिलस भरपूर खाते. वजनाने प्रौढ आयसेनिया सुमारे अर्धा ग्रॅम, तर युड्रिलस दीड-दोन ग्रॅम किंवा जास्त. म्हणजे एक किलोत आयसेनिया हजारांत येतील, युड्रिलस शेकड्यांत. विकत घेताना संख्या नव्हे, वजन विचारायचे ते यासाठी. तापमान २५ च्या आसपास तिला सर्वात मानवते. गोव्याचा हिवाळा तिला बाधत नाही, कारण १६ च्या खाली पारा क्वचितच जातो. पण ३० च्या वर तीही कुरकुरते. तिची खरी अडचण हाताळणीची. दर चार दिवसांनी डबा उपसून ‘कशी आहेत’ बघणाऱ्या माणसाकडे युड्रिलस टिकत नाही. बाजूने वर चढते, झाकणाला चिकटते, निघून जाते. खत काढतानाही सगळे एकदम उलटे करू नये. डब्याच्या एका बाजूला अन्न घालणे थांबवावे आणि तीन आठवड्यांनी रिकामी झालेली ती बाजू काढावी.

पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याच भागातली, दक्षिण आशियातली. सडपातळ, ५ ते १२ सेंटिमीटर, कधी त्याहून लांब. पुढचा भाग गडद जांभळा, पाठीवर उन्हात निळी-हिरवी चमक. मेखला १३ ते १७ च्या दरम्यान आणि बहुधा इतकी अस्पष्ट की नवखा माणूस ‘हे पिल्लूच आहे’ असे समजतो. रोम वलयाच्या सगळ्या परिघावर गोल लागलेले, युड्रिलससारखे आठ नव्हेत. ही दोघींमधली भिंगाखालची पक्की खूण. भिंग नसेल तर हात लावून बघा: पेरिओनिक्स झटके देत, जवळजवळ उडी मारल्यासारखी पळते. अँमिंथस वंशातली गांडुळेही अशीच उसळतात, पण त्यांची मेखला ठसठशीत आणि तीनच वलयांची असते, म्हणून शंका आली तर पुन्हा मोजणीकडे या.

उष्णतेला तिघींत हीच सर्वात खंबीर आणि गोव्याच्या दमट उकाड्यात वर्षभर कोष घालते. एका कोषातून बहुधा एकच पिल्लू, पण कोषांची संख्या भरपूर. दोष एकच, पण मोठा: पळण्याची सवय. हवेचा दाब उतरला, पावसाळी रात्र आली की डबा कितीही चांगला असला तरी ती चढू लागते. उपाय साधा आहे. नवा डबा भरल्यावर पहिले चार-पाच दिवस आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री डब्यावर एक छोटा बल्ब चालू ठेवा. उजेडात ती वर येत नाही. शिवाय झाकणाला आतून मच्छरदाणीची बारीक जाळी घट्ट बसवा आणि हवेची भोके २ मिलिमीटरपेक्षा मोठी करू नका.

‘जय गोपाल’ या नावाने कोणी गांडूळ देऊ केले तर तेही पेरिओनिक्स वंशातलेच. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने ही देशी जात पुढे आणली आहे. संगोपन वरच्यासारखेच.

तर गोव्यासाठी कोणती? आमचे मत: बाल्कनी आणि गच्चीसाठी पेरिओनिक्स, पळण्याची खोड धरूनसुद्धा. सावलीचा तळमजला, परस, रोजचा भरपूर ओला कचरा असेल तर युड्रिलस. आयसेनिया फक्त खरोखर गार जागा असेल तर. तिन्ही मिसळून टाकल्या तरी चालते, त्यांचा आपसात संकर होत नाही. काही महिन्यांत त्या जागेला जी मानवते ती वरचढ होते, आणि उघड्या, गरम डब्यांत ती बहुधा पेरिओनिक्सच असते.

घरच्या घरी मिळवायची असतील तर

पेरिओनिक्स विकत घ्यायला लागतेच असे नाही. सावईवेरे, केरी, सत्तरीकडच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-माडाच्या बागांत, केळीच्या कापलेल्या खांबाखाली, सुपारीच्या कुजलेल्या विरीखाली (झावळीच्या रुंद देठाखाली) किंवा जुन्या शेणखताच्या खड्ड्याच्या कडेला ती असण्याची शक्यता चांगली. केळीचा खांब उभा चिरून त्याची आतली बाजू ओलसर सावलीत जमिनीवर पालथी ठेवा, वर मूठभर शिळे शेण आणि ओले गोणपाट. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उचलून बघा. मार्च-एप्रिलमध्ये हा प्रयोग करू नये, जमीन कोरडी असते.

अशा सापळ्यात मिश्र माल येतो, म्हणून चाळणी हवी. दोन लिटरची पारदर्शक प्लास्टिक बरणी घ्या. खाली ८ सेंटिमीटर परसातली ओली माती, वर ८ सेंटिमीटर शिळे शेण आणि कुजलेली पाने. दहा गांडुळे सोडून बरणी काळ्या कापडात गुंडाळा, सावलीत ठेवा. पाचव्या दिवशी कापड काढून पाहा. मातीत उतरलेली, बरणीच्या कडेला बिळे दाखवणारी ती मातीतली. परत परसात सोडून द्या. वरच्या शेणात राहिलेली आणि तिथे बारीक, सुटी, चहाच्या भुकटीसारखी विष्ठा टाकणारी ती तुमच्या कामाची. मातीतल्या गांडुळांची विष्ठा ढेकळासारखी, चिकट गोळ्यांची असते.

गांडूळ नसलेली गांडुळे

सत्तरीत, चोर्ल्याच्या बाजूला, म्हादईच्या खोऱ्यात पावसाळ्यात माती उकरताना एखादे जाड, गुळगुळीत, करडे-गुलाबी ‘गांडूळ’ निघते आणि त्याला चक्क जबडे असतात. ते देवगांडूळ. ते गांडूळ नाहीच. बेडकांसारखाच उभयचर, पण पाय नसलेला प्राणी आहे. गोव्याच्याच नावाची गेगेनिओफिस गोवाएन्सिस ही जात २००७ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या नमुन्यांवरून वर्णिली गेली. देवगांडूळ गांडुळेच खाते, तेव्हा डब्यात टाकण्याचा प्रश्नच नाही; आणि प्राणी दुर्मीळ, म्हणून जिथे मिळाले तिथेच पुन्हा ओल्या मातीखाली ठेवावे. ओळख सोपी: मेखला नाही, डोके वेगळे दिसते.

कुंड्यांत सापडणारा वाळा हा तर सापच. काळसर, चकाकणारा, कोरड्या खवल्यांचा, दोन्ही टोके सारखी दिसणारी. बिनविषारी, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाणारा. डब्यात तो दिसला तर त्याचा अर्थ डब्यात मुंग्या झाल्या आहेत, म्हणजे डबा कोरडा पडला आहे.

शेणाच्या खड्ड्यात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली, तपकिरी डोक्याची, सहा पायांची जाड पांढरी अळी मिळाली तर ती माडाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याची असू शकते. माड असलेल्या घरांनी ही अळी वेचून नष्ट करावी. शेणखताचे ढीग हेच तिचे पाळणाघर, म्हणून माडाजवळ उघडा ढीग ठेवू नये आणि गांडुळांच्या हौदावर जाळी असावी. चपट्या, कडक सालीच्या, करड्या-तपकिरी अळ्या झुंबडीने अन्नावर तुटून पडलेल्या दिसल्या तर त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या. त्या घाण करत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात, पण त्यांच्या गर्दीने डबा तापतो आणि गांडुळे कडेला सरकतात. अन्न उघडे न ठेवता ५ सेंटिमीटर खाली पुरले की माशी अंडी घालायला येत नाही. धाग्यासारखी पांढरी, सेंटिमीटरभर लांबीची बारीक कृमी दिसली तर ‘पिल्ले झाली’ म्हणून आनंद मानू नका. गांडुळाचे पिल्लू तांबूस, आणि आत लाल रक्तवाहिनी दिसते. पांढरी कृमी म्हणजे डबा आंबट आणि अति ओला झाल्याची खूण.

खरा शत्रू आणखी एक आहे: चपटा, चिकट, हातोड्यासारख्या डोक्याचा भूकृमी, बायपॅलियम. पावसाळ्यात बाहेरच्या कुंड्यांखालून येतो आणि गांडुळांना खात सुटतो. त्याचे तुकडे करू नका, तुकड्यांतून नवे होतात. चिमट्याने उचलून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. बाहेरून आणलेला पाला, शेण, कुंडीची माती डब्यात घालण्याआधी एकदा पसरून बघायची सवय लावली की हा पाहुणा येत नाही.

विकत घेताना

किलोचा भाव सांगतात तेव्हा विचारा, किलोभर गांडुळे की गांडुळांसकट किलोभर शेण? दुसरे उत्तर आले तर मूठभर नमुना कागदावर पसरा, उजेडात गांडुळे खाली जातात, वरचे शेण बाजूला करत जा आणि उरलेला गोळा वजन करा. मग पाच प्रौढ गांडुळांची मेखला तपासा. जुने गोवे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि तालुक्यांतली विभागीय कृषी कार्यालये आहेत. तिथे चौकशी केली तर जातीचे नाव सांगून माल देणाऱ्याचा पत्ता लागू शकतो. खरेदीला ऑक्टोबर ते जानेवारी सर्वात बरा काळ. एप्रिलमध्ये बंद गाडीतून आणलेली पिशवी घरी पोचेपर्यंत अर्धी मेलेली असते.

६० बाय ४० सेंटिमीटरच्या, ३० सेंटिमीटर खोल क्रेटला सुरुवातीला अर्धा किलो गांडुळे पुरतात. बिछाना १५ सेंटिमीटर: दोन भाग कोकोपीट किंवा काथ्याचा भुसा, एक भाग १५-२० दिवसांचे शिळे शेण, मूठभर माती आणि आंब्या-फणसाची वाळकी पाने. काथ्याच्या भुश्याबाबत गोव्यात विशेष जपायचे. नारळाची सोडणे (साले) खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर भुशात मीठ राहते आणि गांडुळाला मीठ मुळीच सोसत नाही. दोन-तीन पाण्यांत धुवून, पिळून मगच वापरा. शेण ताजे असले तर तापते आणि अमोनिया सोडते, गांडुळे एका रात्रीत पळतात. जंताचे औषध दिलेल्या गाईचे शेण काही आठवडे वगळावे. बिछाना मुठीत दाबला की एखाद-दुसरा थेंब गळावा, धार नको. गांडुळे सोडण्याआधी बिछाना दोन दिवस ठेवून मध्ये थर्मामीटर खुपसा. ३० च्या खाली आल्याशिवाय सोडू नका.

पहिले दोन आठवडे दिवसाला १०० ते १२५ ग्रॅमच ओला कचरा, नंतर हळूहळू २०० ते २५०. चार माणसांच्या घरात अर्धा-पाऊण किलो निघतो, म्हणजे सुरुवातीला सगळा एका क्रेटमध्ये जिरणार नाही. उरलेल्यासाठी साधा कुजवायचा माठ जवळ ठेवा. हट्टाने सगळा कोंबला की आंबतो, आणि मग गांडुळाच्या अंगावर मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी येऊन ते मरते. हे प्रथिने आणि आंबटपणा जास्त झाल्याचे लक्षण: डाळी, मासळी, शिळा भात. असे दिसले की अन्न काढून टाका, वाळकी पाने आणि अंड्याच्या टरफलांची चमचाभर बारीक पूड मिसळा, आठवडाभर उपाशी ठेवा.

मासळीचे पाणी, सुक्या मासळीचे उरलेले, लोणच्याची फोड, भिरंडाच्या (कोकमाच्या) साली यांना डब्यात प्रवेश नाही. काजूचे बोंड गोड असते, भराभर आंबते, तापते आणि फळमाश्या बोलावते. घालायचेच तर रस पिळलेला चोथा एक-दोन दिवस उन्हात वाळवून, मूठभर. काजूबियांची टरफले कधीच नाही, त्यातले तेल जहाल. चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताचा, निम्मा भाग मात्र उत्तम: फळे चिरून, पाने तुकडे करून, पण सगळी एकाच दिवशी नाही. सुपारीचे घोस आणि नारळ बाजूलाच ठेवा.

उन्हाळ्यात ओले गोणपाट टाकून डबा गार करायचा सल्ला देशावर चालतो, कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि थंडावा देते. पणजीच्या मे महिन्यात हवेतच इतका ओलावा असतो की गोणपाट भिजलेलेच राहते आणि खालचा डबा मात्र घामेजतो. इथे जागा बदलणे हाच उपाय: जमिनीलगत, उत्तर किंवा पूर्वेची बाजू, न्हाणीघराचा कोपरा. अन्न निम्म्यावर आणा आणि दुपारी अर्ध्या लिटरची गोठवलेल्या पाण्याची बाटली वर ठेवा. पावसाळ्यात उलटे. पाणी साचते, म्हणून तळाला निचऱ्याची भोके आणि बिछान्यात पाण्याऐवजी वाळका पाला. मुंग्यांसाठी डब्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणार असाल तर पाण्यावर तेलाचा तवंग हवा, नाहीतर तिथेच डास होतील.

सांगे, धारबांदोडा, काणकोणच्या जंगलाला लागून बाग असेल तर युड्रिलस किंवा आयसेनियाचे खत तसेच ओले नेऊन टाकू नका, त्यात कोष असतात आणि या परक्या जाती रानात पसरू शकतात. खत चाळून पातळ पसरवून सावलीत आठ-दहा दिवस पूर्ण वाळवा. बारीक चाळणीवर राहिलेले लिंबाच्या आकाराचे, दाण्याएवढे पिवळट-तपकिरी कोष वेचून पुन्हा डब्यात टाका. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, दहा प्रौढ गांडुळांची मेखला पुन्हा मोजा. आकडा बदललेला दिसला तर डब्यात आता दुसरीच जात नांदते आहे, आणि झाकणाची जाळी, सावली, अन्नाचे वेळापत्रक तिच्या हिशेबाने बदलायला हवे.